तापून बंद पडलेले ट्रॅक्टरचे इंजिन सुरू होत नाही तेव्हा

रब्बीच्या पेरणीत जमिनीचा वाफसा चार-सहा दिवसच टिकतो आणि उसाच्या हंगामात तोडीची पाळी हुकली, तर पुढची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टर तापून बांधावर उभा राहिला, म्हणजे धन्याचा जीव कासावीस होतो व इंजिन कसेही करून चालू करण्याची खटपट सुरू होते. रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतले जाते, स्टार्टर दाबून धरला जातो, शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून साखळीने ओढून पाहिले जाते. मूळ बिघाड पंख्याच्या पट्ट्याएवढा लहान असला, तरी या अर्ध्या तासाच्या घाईने तो संपूर्ण इंजिन उघडण्याइतका मोठा होऊन बसतो. तेव्हा असे इंजिन का सुरू होत नाही, हे ओळखण्याचा क्रम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली औग्सबुर्ग येथे ज्या तत्त्वावर आपले इंजिन चालवून दाखविले, तेच तत्त्व आजच्या ट्रॅक्टरमध्येही आहे. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टनने तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा ते अठराव्या भागाइतकी दाबली, की ती ५०० अंश सें.च्याही वर तापते व तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजेच इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा गळून न जाता दाबली गेली पाहिजे आणि योग्य वेळी डिझेल आत पोहोचले पाहिजे. तापण्याने यांपैकी नेमके काय बिघडले, एवढेच शोधावयाचे असते.

उष्णतेने काय होते

चांगल्या स्थितीतील इंजिनाचे पाणी साधारणपणे ८० ते ९५ अंश सें. इतके गरम राहते. पाणी कमी झाले किंवा फिरेनासे झाले, की ही मर्यादा ओलांडली जाते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व लायनर ओतीव लोखंडाचे असते. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. १०० मि.मी. व्यासाचा पिस्टन नेहमीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापला, तर तो सुमारे ०.२ मि.मी. वाढतो, लायनर त्याच्या निम्मेच वाढते. दोहोंमधील मोकळी जागा मुळातच मिलिमीटरच्या एक-दीड दशांशाहून अधिक नसते. ती नाहीशी झाली, की वंगणाचा थर फाटतो आणि पिस्टन लायनरला धरतो. यालाच इंजिन जाम होणे किंवा सीझ होणे असे म्हणतात.

दुसरी हानी हेडची. हेड व ब्लॉक यांच्यामध्ये गॅसकेट असते. ते एकीकडे जळत्या वायूचा दाब आणि दुसरीकडे पाण्याच्या व तेलाच्या वाटा यांना परस्परांपासून वेगळे ठेवते. हेड विषम तापले म्हणजे वाकते, गॅसकेट ढिले पडते व जळते. मग दाब पाण्यात जातो आणि इंजिन बंद झाल्यावर पाणी सिलिंडरमध्ये झिरपते. ज्या इंजिनांत लायनर थेट पाण्यात बसविलेले असते, त्यांच्या तळाशी रबराची कडी असतात. तीही उष्णतेने कडक होऊन पाणी खालच्या ऑइलमध्ये उतरू देतात. तिसरी हानी मात्र सर्वस्वी मानवनिर्मित आहे. लालभडक तव्यावर पाणी पडावे तसे तापलेल्या हेडमध्ये विहिरीचे थंड पाणी पडले, की झडपांच्या बैठकींमधील अरुंद भागाला तडा जातो. असे हेड पुष्कळदा बदलावेच लागते.

पहिला तास

काटा लाल भागात गेलेला दिसताच, पाणी शिल्लक असेल व पट्टा शाबूत असेल, तर नांगर किंवा ट्रॉलीचा भार काढून इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे. फिरत्या पाण्याने व पंख्याने उष्णता सारखी उतरते. पाणी निघून गेले असेल, पट्टा तुटला असेल किंवा इंजिन ठोकू लागले असेल, तर मात्र ते तत्काळ बंद करावे. येथे एक फसगत होण्यासारखी गोष्ट आहे. पाणी पूर्ण निघून गेले, तर तापमान दाखविणाऱ्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि काटा उलट खाली येतो. काटा खाली आला म्हणून इंजिन निवले, असे समजून कामाला लागलेले चालक थोडे नाहीत.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते, पुण्यासारख्या उंचीवर सुमारे ९८ अंशांवरच. परंतु दाबाच्या झाकणामुळे आतील पाणी ११० अंशांच्या आसपासही न उकळता राहू शकते. झाकण निघताक्षणी दाब जातो, त्या पाण्याची एकदम वाफ होते व तोंडावर उसळते. निदान पाऊण तास थांबावे. वरची जाड नळी हाताने दाबून पाहावी. ती मऊ पडली असेल व हाताला सोसवत असेल, तर झाकणावर जाड गोणपाट टाकून, तोंड बाजूला ठेवून, ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि वाफ निघून गेल्यावर काढावे. पाणी त्यानंतरच, तेही हळूहळू घालावे.

हा तास वाया जात नाही. तेवढ्यात चालकाला काही विचारून घ्यावे. इंजिन त्याने बंद केले, की ते आपणहून जड होत होत थांबले? आपणहून थांबले असेल, तर पिस्टन धरल्याचा संशय घ्यावयास हवा. बंद पडल्यानंतर कोणी थंड पाणी ओतले काय? स्टार्टर किती वेळा दाबला? त्यापूर्वी काही दिवस रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावे लागत होते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर गॅसकेट आधीपासूनच अधू होते आणि आजचे तापणे हे त्याचे फळ आहे, असा तर्क करता येतो. चालकाला दोष लागेल अशा सुरात विचारल्यास खरी माहिती मिळत नाही, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

स्टार्टरपूर्वी हाताने

इंजिन निवल्यावर प्रथम ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ, ताकासारखे दिसत असेल अथवा त्याची पातळी वाढलेली असेल, तर आत पाणी गेले आहे. मग इंजिन सुरू करण्याचा विचार सोडून द्यावा. ऑइल खूप खाली असेल, तर ते नुसते भरून इंजिन चालविण्याचा मोह टाळावा. बेअरिंगला इजा झाली आहे किंवा नाही, हे मिस्त्रीने पाहिल्याविना कळत नाही.

ऑइल निर्दोष असेल, तर इंजिन हाताने फिरवून पाहावे. गिअर न्यूट्रलला घालावा, चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद करण्याची मूठ ओढून ठेवावी व बॅटरीची एक तार काढावी. नंतर क्रँकशाफ्टच्या पुढील पुलीच्या नटावर लांब पाना लावून तो समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवावा. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत सर्व सिलिंडरांची पाळी येऊन जाते. इंजिन सुस्थितीत असेल, तर दर दाबाच्या वेळी पाना जड होतो आणि पुढे सुटतो.

पाना कोणत्याही दिशेने तसूभरही हलत नसेल, तर इंजिन धरले आहे. त्यावर लोखंडी नळी चढवून जोर करू नये. मिस्त्रीकडून इंजेक्टर काढवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल व डिझेल यांचे मिश्रण सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी पुढेमागे हलके हलवून पाहावे. निव्वळ फुगण्याने धरलेला पिस्टन पुष्कळदा निवल्यावर सुटतोही. परंतु सुटला म्हणजे बरा झाला, असे नव्हे. त्याच्या अंगावर व लायनरवर ओरखडे उठलेले असतात. ते न पाहता नांगराला जुंपलेले इंजिन थोड्याच दिवसांत ऑइल पिऊ लागते किंवा पुन्हा धरते.

पाना काही अंतर सहज फिरून एका जागी भिंतीला टेकावा तसा थांबतो, उलट फिरविल्यास सहज मागे येतो आणि पुन्हा त्याच जागी अडतो, ही खूण निराळी आहे व ती अत्यंत महत्त्वाची आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचले आहे, असा तिचा अर्थ बहुधा असतो. हवा दबते, पाणी दबत नाही. अशा स्थितीत स्टार्टर मारला, आणि विशेषतः दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढले, तर पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅसकेट बदलून भागले असते, तेथे सगळे इंजिन खाली उतरवावे लागते. तापून बंद पडलेला ट्रॅक्टर ओढून सुरू करू नये, असे जे पुनःपुन्हा सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे. येथे सर्व इंजेक्टर काढावेत आणि इंजिन हाताने फिरवावे. ज्या छिद्रातून पाणी उडेल, तो सिलिंडर सापडला. त्या वेळी छिद्रांवर वाकून पाहू नये. पाणी निघाल्यावर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, नाही तर दोन-चार दिवसांत लायनर गंजते.

पाना विनासायास, कोठेही जड न होता फिरत असेल, तर दाब धरलाच जात नाही; याचा विचार पुढे केला आहे.

स्टार्टर आणि धूर

हाताने इंजिन नीट फिरले, तरच बॅटरीची तार जोडून स्टार्टर वापरावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक दाबू नये व मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन हलत नसेल, तर दिवा लावून स्टार्टर दाबावा. दिवा विझू विझू होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके गंजली आहेत. आधीच्या घाईत पंधरा-वीस वेळा स्टार्टर मारून बॅटरी संपविलेली असणे, हे याचे अगदी नित्याचे कारण होय. पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय अथवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टरला वीजच मिळत नाही, हेही पाहून घ्यावे.

स्टार्टरने इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही, अशा वेळी एकाने धुराड्याकडे पाहत उभे राहावे. धूर मुळीच नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम होते.

धूर नसेल तेव्हा सर्वांत आधी इंजिन बंद करण्याची मूठ पाहावी. गडबडीत बंद करताना ती ओढली जाते आणि ढकलायची राहून जाते. मग डिझेलची वाट बंदच राहते. ऐकताना हे क्षुल्लक वाटेल, परंतु या एका विसरामुळे मिस्त्रीला तालुक्याहून बोलावणे पाठविले गेल्याची उदाहरणे गावोगावी ऐकू येतात. ज्या ट्रॅक्टरांत हे काम किल्लीबरोबर विजेने होते, त्यांत त्या सोलेनॉइडची तार उष्णतेने वितळली किंवा सुटली आहे काय, ते पाहावे. त्यानंतर टाकीतील डिझेल पाहावे व एअर काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हाताच्या पंपाने डिझेल चढवावे. बुडबुडे थांबून अखंड धार लागली, की स्क्रू आवळावा. इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांशी मात्र जपून वागावे. त्यांतील दाब इतका असतो, की फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून टाचणी टोचल्यासारखे दिसले, तरी अशी जखम तत्काळ रुग्णालयात दाखवावी लागते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत व त्यांपैकी अनेकांत संगणकनियंत्रित इंधनयोजना आहे. त्यांच्या जास्त दाबाच्या नळ्यांना घरच्या घरी हात लावूच नये.

एक ट्रॅक्टर सकाळी लगेच सुरू होतो, दुपारी गरम असताना बंद केला तर होत नाही आणि निवल्यावर पुन्हा होतो, असे वारंवार घडत असेल, तर फ्यूएल पंप झिजला असण्याचा संभव असतो. गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या भागातून परत गळते व स्टार्टरच्या मंद वेगात पुरेसा दाब चढत नाही. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून पाहण्याची रीत मिस्त्री लोकांत आहे. फडक्याने इंजिन सुरू झाले, तर निदान पक्के समजावे. मात्र गरम पंपावर बादलीने पाणी मारू नये, आतील बारीक भाग त्याने धरतात.

पांढरा धूर येऊनही इंजिन पेट घेत नसेल, तर दाब कमी पडतो आहे. स्टार्टर चालू असताना आवाज कानाने ऐकावा. सर्व सिलिंडर सारखे असतील, तर लय एकसारखी लागते. एखादा निकामी असेल, तर दर दोन फेऱ्यांत एक ठोका हलका जातो. रेडिएटरचे झाकण काढून, इंजिन थंड असतानाच, पाण्यात पाहावे. स्टार्टरच्या लयीबरोबर बुडबुडे उठत असतील, तर गॅसकेट गेले किंवा हेडला तडा पडला. बुडबुडे नसतील, पण दाबही नसेल, तर दोन शेजारच्या सिलिंडरांमधील गॅसकेट जळलेले असते, झडप अडकलेली असते, नाही तर तापून पिस्टनच्या रिंगांचा ताण गेलेला असतो. यांतील नेमके कोणते, हे मिस्त्री दाबमापक लावून सांगू शकतो. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून दाब वाढला तर रिंगा, न वाढला तर झडपा अथवा गॅसकेट, असा त्यांचा ठोकताळा असतो. ईथरचा फवारा मारून असे इंजिन भडकविण्याचा प्रयत्न कोणी करीत असेल, तर त्यास रोखावे.

हेड उघडावे लागलेच, तर ते सपाट पट्टीवर व फीलर गेजने तपासून घेण्याचा आग्रह शेतकऱ्याने स्वतः धरावा. वाकलेल्या हेडखाली नवे गॅसकेट बसविले, तरी तेही जाते. हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेतील अंकाप्रमाणे आवळले जात आहेत ना, हेही उभे राहून पाहण्यासारखे आहे.

विहिरीवरील इंजिन

पंपाच्या पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनांपैकी पुष्कळांत रेडिएटर नसतो. उपसलेल्या पाण्याचाच थोडा भाग नळीने इंजिनातून फिरून बाहेर पडतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेले, की पिकाचे पाणी आणि इंजिनाचे पाणी एकाच क्षणी थांबते व जवळ कोणी नसेल तर इंजिन तसेच तापत राहते. ते निवल्यावर दाब मोकळा करण्याचा खटका उचलून हँडलने फिरवावे. खटका उचलूनही फिरत नसेल तर ते धरले आहे. फिरते, पण खटका सोडल्यावरही हँडलला अडसर लागत नसेल, तर दाब गेला आहे. उर्वरित परीक्षा ट्रॅक्टरप्रमाणेच.

मूळ कारण

इंजिन सुरू झाले तरी ते का तापले, हे न शोधता कामाला लावू नये. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर ज्वारीचा, सोयाबीनचा भुसा बसून वारा अडतो. तो आतून बाहेरच्या दिशेने हवा किंवा पाण्याची हलकी धार मारून काढावा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण १० ते १५ मि.मी. दबावा, त्याहून सैल पट्टा घसरतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरल्याने आत चुन्याची पुटे चढतात व उष्णता बाहेर पडू देत नाहीत. म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरावे. ते मिळेपर्यंत निदान पावसाचे साठविलेले पाणी वापरावे.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तर तो काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पेरणी उरकेपर्यंत तेवढ्यावर काम भागेलही. परंतु थर्मोस्टॅटविना इंजिन नेहमी थंड राहते, डिझेल अर्धवट जळते, ऑइलमध्ये उतरते आणि लायनर लवकर झिजते. काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात टांगून चुलीवर ठेवावा. पाणी ८२ अंशांच्या आसपास येताच तो उघडू लागला, तर दोष दुसरीकडे आहे व तोच परत बसविता येतो. उकळत्या पाण्यातही उघडला नाही, तर त्याच अंशांचा नवा आणून बसवावा.